नुसती घरघर

मामांच्या व्हिडिओ गेमच्या खेळघराचं काचेचं दार बाहेरून ढकलायचं असतं, ओढायचं नसतं. पण माणूस म्हटला की आधी ओढणारच. त्या दुपारी बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि खांद्याला हत्यारांची पिशवी लावलेला एक उंच तरुण दाराशी झटापट करत होता. गल्ल्यावर बसलेली भाची ओरडली, "अहो, ढकला – ढकला!"

तो आत आला, केसांवरचं पाणी झटकलं आणि म्हणाला, "तुमचा आवाज छान येतो."

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज म्हणजे तिचं दुखणंच. जाडा, घोगरा. घरात तिला सगळे 'भोंगा' म्हणत, आणि शाळेत गाण्याच्या तासाला बाई सांगत, तू नुसते ओठ हलव.

"चेष्टा करायला आलात की काम करायला?"

तो गोरामोरा झाला. उजव्या कानाला हात लावून म्हणाला, "हा लहानपणीच तापात गेला. डावाही हल्ली बारीक आवाज सोडून देतो... बायका बोलल्या की मला नुसते ओठ हलताना दिसतात. तुमचं मात्र सगळं ऐकू येतं."

आता सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

तो आला होता दाराजवळच्या रॉकेटच्या यंत्रासाठी. तिच्याहून वयानं मोठं ते यंत्र. पडदा झकास, रॉकेटं सुसाट, पण आवाज कित्येक वर्षांपूर्वी गेलेला. पूर्वी त्याची धून ऐकून रस्त्यावरची पोरं आत ओढली जायची, म्हणून मामांनी हट्टच धरला होता, डोळे मिटायच्या आत याला एकदा बोलतं करा.

पण ज्याला धड ऐकू येत नाही, तो आवाज दुरुस्त करणार कसा? तर बोटांनी. यंत्राची मागची फळी काढून तो स्पीकरच्या कागदावर दोन बोटं टेकवायचा. कागद थरथरला की करंट पोचला. मात्र ती थरथर धुनेची की नुसत्या घरघरीची, हे बोटांनी ओळखलं, तरी खात्री हवीच. ते कानवाल्यानं सांगायचं. म्हणून ती पुढे उभी राहून खेळायची आणि तो मागून विचारायचा, "आला?"

"नाही हो. नुसती घरघर."

मग तो वाळून गेलेले कपॅसिटर बदलायचा, एखादा सुटलेला सांधा डाग देऊन पक्का करायचा, पुन्हा बोटं टेकवायचा. मधे चहा. चहाबरोबर तिची अखंड बडबड, आणि तो डावा कान पुढे करून ऐकतोय. इतकं मन लावून तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मामा म्हणाले, देवानं जोडी बरी जमवली, एकीचं तोंड मिटत नाही आणि एकाला ऐकू येत नाही. ती लाजली, तो हसला. मामांचं ते वाक्य त्याला ऐकू आलं होतं की नाही, कोण जाणे.

एका सोमवारी त्यानं यंत्राच्या पुढचं आवाजाचं बटण उघडून साफ केलं. मामा आतल्या खोलीत झोपले होते. तिनं खेळ सुरू केला, आणि धून आली! स्वच्छ, खणखणीत.

"आला?" त्यानं मागून विचारलं.

हो म्हटलं की काम संपलं. फळी लागणार, पिशवी भरली जाणार, आणि हा त्या दाराबाहेर. वेड्या पोरीच्या तोंडातून निघून गेलं, "नाही... नुसती घरघर."

त्यानं बोटं उचलून पुन्हा कागदावर टेकवली. तिनं घाईघाईनं बटण पिळून आवाज अगदी बारीक केला, मामांनी ऐकू नये म्हणून.

पुढं तो येत राहिला. चांगला स्पीकर काढून दुसरा लावला, धडधाकट तारा बदलल्या. तो आला की ती बटण थोडं सोडायची, गेला की पिळायची, आणि मधे दर खेपेला तेच सांगायची. चहा होत होता, गप्पा होत होत्या, पण त्याचं हसू कमी कमी होत गेलं. तिला वाटलं, दमला असेल. प्रेमात पडलेल्याला स्वतःपलीकडचं कुठं दिसतं?

मग तो यायचाच बंद झाला. एके दुपारी उगवला तो यंत्राच्या मागच्या फळीची किल्ली परत द्यायला. खांद्याला पिशवी नव्हती. म्हणाला, हत्यारं एका ओळखीच्याला देऊन टाकली. भावाच्या गावी गोदामात काम मिळालंय, तिथं ऐकायचं काही नसतं, पोती मोजायची.

"पण का?"

"कान गेले तेव्हा वाईट वाटलं नाही, बोटं होती ना. आता तीही खोटं सांगायला लागली. त्या सोमवारी बोटं म्हणत होती, धून आली. तुम्ही म्हणालात, घरघर. मग मी तुमचं खरं मानलं."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. तिनं बटण फिरवलं, खेळ सुरू केला, त्याचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला.

त्यानं बोटं जाळीवर घट्ट दाबली. "हीच थरथर होती."

"हो. आला होता आवाज. तुम्ही जाल म्हणून मी खोटं बोलले." आणि मग तिच्या त्या जाड्या, घोगऱ्या आवाजात, लपवायला आता उरलं तरी काय होतं, म्हणाली, "माझा जीव जडलाय तुमच्यावर."

त्यानं हात काढून घेतला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"ऐकू आलं," तो म्हणाला. "सगळं ऐकू आलं. माझाही जडला होता... पण मला जगभरात एकच आवाज धड ऐकू येत होता हो. आता तो खरं बोलतोय की खोटं, हे मी कुणाला विचारू?"

किल्ली गल्ल्यावर ठेवून तो दाराशी गेला आणि दार ढकलू लागला. आतून ते ओढायचं असतं. तिला सांगायचं होतं, पण आवाजच फुटेना. त्यानं वळून पाहिलं, तेव्हा तिचे नुसते ओठ हलत होते.

"काही म्हणालात?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं दार ओढलं आणि तो पावसात निघून गेला.

यंत्र मात्र गातच होतं. आतल्या खोलीतून मामा धडपडत उठल्याचा आवाज आला, पाठोपाठ त्यांची हाक, "अगं भोंग्या, आला की काय आवाज?"

तिनं डोळे पुसले.

"आला, मामा," ती म्हणाली. "आला."