थोरल्यांचा हात

त्या दुपारी मी एका शाळेसाठी बारा तापमापक करायला बसलो होतो. काचनळीवर मेण चढवायचं, सुईनं अंशांच्या रेघा ओढायच्या, मग नळी ॲसिडमध्ये बुडवायची. काम नेहमीचंच. नवीन एवढंच, की दादाच्या खुर्चीत मी होतो. दादाला जाऊन महिना झाला होता.

तुम्ही बसलाच आहात म्हणून सांगतो, मी दादावर जळायचो. कारखाना दोघांचा, पण गिऱ्हाईक आलं की विचारणार, "थोरले आहेत ना?" माझ्या रेघा वाकड्या यायच्या, त्याची एकही नाही. गेल्या वर्षी माझ्या हातून पाऱ्याची बाटली फुटली. सांडलेला पारा टिपायचा, वर गंधक टाकायचं, दारं उघडायची, हा आमचा नियम. मी तो झाडूनं दादाच्या खुर्चीखाली, फळ्यांच्या फटीत लोटला. वर शेगडी ठेवली. त्याला थंडी वाजायची ना!

गरम झालेल्या पाऱ्याच्या वाफेला वास नसतो. आधी दादाच्या बोटांना कंप सुटला. मग तो माणसांना बुजायला लागला, वहिनीवर खेकसायला लागला, हातातली सुई घरभर शोधायला लागला. डॉक्टर म्हणाले, विष मेंदूत गेलंय. मला वाईट वाटलं. पण त्याची पहिली वाकडी रेघ पाहिली त्या दिवशी मला जेवण गोड लागलं, हेही खरं.

तर, मी पहिली रेघ ओढली. सरळ. दुसरी, तिसरी... सगळ्या सरळ. शेजारी थांबलेला शाळेचा शिपाई वाकून म्हणाला, "वा! अगदी थोरल्यांचा हात."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेला तरी वाहवा त्याचीच! शिपाई बाहेर गेल्यावर मी मुद्दाम सुई तिरकी धरली. एक तरी वाकडी रेघ, पण माझी.

मनगट वळेना. काहीतरी गार, घट्ट... आणि सुई सरळच गेली.

विष माझ्याही डोक्यात गेलं असणार, मी स्वतःला समजावलं. वर्षभर मीही त्याच खोलीत होतो.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यामागे बघत ती हळूच म्हणाली, "अहो... फटीतल्या पाऱ्याचं सांगितलंत मला, तेवढं पुरे. सोडा आता भाऊजींचा हात."

पाऱ्याचं मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

आणि हात त्यानं सोडला नाही.