गचके कुणाच्या पायाचे?

"थांबा! कुणी हलू नका, मी मोजतेय!" मागच्या सीटवरून मोजपट्टी ओरडली.

"हलू नका काय? गाडीच हलवतेय आम्हाला!" शेपूट म्हणाला, आणि तेवढ्यात चौथा गचका बसून त्याचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

"वेग पंचवीस, दुसरा गिअर, हलकी रेस." मोजपट्टीने वहीत लिहिलं. "पुन्हा तेच! आत्या, तुम्ही आत्ता पॅडल किती दाबलं होतं?"

"पाव भाग असेल," आत्या दात-ओठ खात म्हणाली. "आणि आज स्टिअरिंगवर शिकाऊ नाही बरं का. मी आहे, मी!"

आत्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. अकरा वर्षं झाली होती. सुट्टीत तिच्याकडे राहायला आली होती तिची तेरा वर्षांची भाची. कुणी वावगं बोललं की ती जागच्या जागी पेट घ्यायची, म्हणून घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. शेपूट हा ठिणगीचा नऊ वर्षांचा भाऊ. ताई जिथे जाईल तिथे तो मागोमाग. आणि मोजपट्टी म्हणजे आत्याच्या शेजारच्या इलेक्ट्रिशियनची मुलगी. वही, पेन आणि बाबांनी दिलेला काट्याचा जुना मीटर घेतल्याशिवाय ती अंगणातसुद्धा उतरत नसे.

महिनाभर ही गाडी असे गचके देत होती. पण ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचं दुःख असं, की तिच्याकडे कुणी बोट दाखवतच नाही. शिकाऊ माणूस बसला की गाडी गचके खाणारच! मग 'क्लच नीट सोडा', 'रेस नीट द्या' असं म्हणून सगळे मोकळे. परवाच्या परीक्षेत आत्याचे तीन विद्यार्थी ह्याच गाडीत नापास झाले होते, आणि आज शाळेच्या मालकांनी आत्याला ऑफिसात बोलावलं होतं.

मालकांच्या ऑफिसात पाचसहा शिकाऊ फॉर्म भरत बसले होते. मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाज मुद्दाम चढवला आणि म्हणाले, "बाई, तीन नापास! शाळेचं नाव मातीत घातलंत!"

"गाडीत दोष आहे, साहेब," आत्या म्हणाली. "मी महिनाभर सांगतेय."

"दोष होता! तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रींनी थ्रॉटल सेन्सर बदलला. हा बघा त्यांचा कागद." मालकांनी कागद टेबलावर आपटला. "'नवा सेन्सर बसवला. गाडी ठणठणीत. गचके शिकवण्याच्या दोषामुळे.' आता बोला!"

आत्याचा चेहरा उतरला. ठिणगीच्या कानशिलांत रक्त चढलं.

"उद्या दुपारपर्यंत किल्ली ह्या टेबलावर हवी," मालक म्हणाले. "सोमवारपासून तुम्ही काउंटरवर बसा, फॉर्म वाटा. गाडीवर दुसरे मास्तर येतील."

"पण आत्ता येताना आत्याच चालवत होती! तरी गचके बसले!" ठिणगी फटकन बोलली.

"मुलांनी मोठ्यांच्यात तोंड घालू नये."

"मोठे चुकत असले तरी?"

"बाई, ह्या पोरीला आवरा!"

आत्याने ठिणगीचा दंड धरला आणि तिला बाहेर आणलं. पायऱ्यांवर येऊन ती थांबली. मग हळूच म्हणाली, "अकरा वर्षांत एकदाही गाडीला ओरखडा येऊ दिला नाही गं मी." ते ऐकून ठिणगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग राग.

"किल्ली द्यायची नाही," ती म्हणाली. "मुळीच द्यायची नाही!"

घरी आल्यावर तिघांनी अंगणात गाडीचा ताबा घेतला. आत्याने तीन अटी घातल्या होत्या: इंजिन बंद, हँडब्रेक वर, आणि तिला विचारल्याशिवाय कशालाही हात नाही.

"आधी मला सांगा, हा थ्रॉटल सेन्सर करतो काय?" शेपटाने विचारलं.

आत्याने बॉनेट उघडून दाखवलं. "हे बघ. रेसचं पॅडल दाबलं की इथली झडप उघडते आणि इंजिनात हवा जाते. ती किती उघडली, हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगायचं काम ह्या सेन्सरचं. मग कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो."

"आणि सेन्सरने थाप मारली तर?"

"तर पेट्रोलचा अंदाज चुकतो. गाडी गचके खाते."

"म्हणजे हा थापाड्या आहे!" शेपटाने निकाल देऊन टाकला.

"पण हा तर नवा आहे," मोजपट्टी बॉनेटमध्ये वाकून म्हणाली. आणि तशीच वाकून राहिली. "आत्या… तीन आठवड्यांत कुठली वस्तू इतकी मळते का हो?"

ठिणगीनेही मान आत घातली. सेन्सर होता तळहातात मावेल एवढा, काळा, दोन स्क्रूंनी बसवलेला. वरवर पुसलेला दिसत होता, पण खाचाखोचांत तेलाचा जुना, घट्ट थर होता.

"जुना कुठे गेला मग?" ठिणगीने विचारलं.

"डिकीत असेल. मिस्त्रींची एक पद्धत आहे," आत्या म्हणाली. "काढलेली जुनी वस्तू ते नव्या वस्तूच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हातात देतात. 'आपल्याकडे लपवाछपवी नाही' म्हणतात. मी तर उघडूनसुद्धा पाहिलं नाही."

शेपूट डिकीकडे धावला आणि खोकं घेऊन आला. ठिणगीने ते उघडलं. आतला 'जुना' सेन्सर नव्या पाटीसारखा स्वच्छ होता! पिना चकचकीत. आणि स्क्रू जिथे आवळतात तिथे एक चरासुद्धा नाही.

"अय्या! हा कधी गाडीला लागलेलाच नाही!" ठिणगी किंचाळली.

"थांब, नुसतं बघून चालणार नाही. मोजायचं!" मोजपट्टीने मीटर काढला. खोक्यातल्या सेन्सरच्या पिनांना तारा लावून तिने आतली चकती बोटाने सावकाश फिरवली. मीटरचा काटा कुठेही न अडखळता टोकापर्यंत चढला आणि तसाच खाली आला. "एकदम गुणी बाळ!"

मग गाडीतल्या सेन्सरची पाळी. आत्याने किल्ली अर्धी फिरवली, इंजिन सुरू न करता. मोजपट्टीने सेन्सरला जोडलेल्या वायरच्या क्लिपमागून तारेला बारीक टाचणी टेकवली.

"आता पॅडल अगदी हळूहळू दाबा!"

काटा अर्ध्या व्होल्टवरून निघाला. एक… सव्वा… आणि धप्पकन शून्यावर पडला! पॅडल जरा पुढे गेलं तसा टुणकन वर आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तिथेच पडला. तिसऱ्यांदाही तेच.

"पाव भागावर! बरोब्बर पाव भागावर!" मोजपट्टी नाचायलाच लागली. "माझ्या वहीतले सगळे गचके तिथलेच आहेत!"

आत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. "शिकाऊ माणूस भीत भीत पाव भागच दाबतो गं," ती सावकाश म्हणाली. "वर्षानुवर्षं सगळ्यांचे पाय तिथेच वळवळले. आतली पट्टी तिथेच झिजली. आणि मी त्या बिचाऱ्यांनाच म्हणायचे, पाय नीट टाका म्हणून!" मग ती ताडकन उठली. "स्क्रूड्रायव्हर आणा. दहा मिनिटांचं काम आहे, आत्ताच बदलते."

"नाही!" ठिणगी बॉनेटच्या आड येऊन उभी राहिली.

"अगं, नाही काय?"

"गुपचूप बदललंस तर मालक उद्या म्हणतील, बघा, दम दिल्यावर बाई कशा नीट चालवायला लागल्या! त्यांनी पाचसहा माणसांसमोर तुझा अपमान केला. आपणही सगळ्यांसमोरच दाखवायचं. त्यांच्या नाकावर टिच्चून!"

"मला भांडणतंटा नको गं."

"मग काउंटरवर बसून फॉर्म वाट!"

हे जरा जास्तच झालं. शेपटाने जीभ चावली. आत्याने ठिणगीकडे रागाने पाहिलं, मग अंगणातल्या गाडीकडे पाहिलं, आणि पदर खोचला. "बरं. उद्या सकाळी दहाला मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये. मालकांना मी फोन करते. बघूच आता!"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मालक ऑफिसच्या दारात उभेच होते. "किल्ली आणलीत ना?"

"आणलीय," ठिणगीने ती त्यांच्या हातावर ठेवली. "वर्कशॉपपर्यंत तुम्हीच चालवा. तुम्ही तर सगळ्या मास्तरांचे मास्तर! पण शिकवतात तशी हं, दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या पायाने."

मालक खूश होऊन बसले. पन्नास पावलांवर पहिला गचका बसला. कोपऱ्यावर दुसरा. तिसऱ्याला त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"साहेब, क्लच नीट सोडा," मागून शेपूट गंभीरपणे म्हणाला.

"रस्ता खराब आहे!" मालक खेकसले. रस्ता गुळगुळीत होता. मोजपट्टीने वहीत लिहून घेतलं: मालक, सात गचके.

वर्कशॉपमध्ये चार गाड्या उघड्या पडल्या होत्या आणि पाचवीखालून कुणाचे तरी पाय बाहेर आले होते. मिस्त्री भरघोस मिशांचे, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन धरून बोलणारे. आत्याला पाहून त्यांनी फोन ठेवला. "काय बाई, पुन्हा गाडीचीच तक्रार? सेन्सर मी ह्या हातांनी बदललाय!"

ठिणगीने अगदी भोळा चेहरा केला. "हो ना काका. आणि हा खोक्यातला जुना, बिघडलेला. हो ना?"

"अर्थात! आपल्याकडे लपवाछपवी नाही."

"नक्की बिघडलेलाच?"

"मेलेला आहे तो, मेलेला!"

"म्हणजे हा पुन्हा बसवला तर गाडी आणखी गचके खाईल?"

"गचके? गेटापर्यंत जायची नाही! गेली तर ही मिशी उतरवून देईन!"

गाडीखालचे पाय बाहेर सरकले. कामावरचे सगळे गोळा झाले. मालकांनी चष्मा वर केला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ठिणगीचा आवाज खणखणीत झाला. "आत्या, बसव!"

"अहो, पण कशाला…" मिस्त्री गडबडले.

"बसवू द्या," मालक म्हणाले. सात गचक्यांनी त्यांचीही मान अवघडली होती.

आत्याने बाह्या सरसावल्या. बॅटरीची काळी वायर सोडवली. क्लिपची जीभ दाबून ती अलगद ओढली. दोन स्क्रू काढून जुना सेन्सर खाली घेतला. खोक्यातला सेन्सर झडपेच्या टोकावर टेकवला, थोडा फिरवून खाचेत बसवला आणि स्क्रू आवळले. क्लिप 'टक्' वाजली. बॅटरी जोडली. किल्ली अर्धी फिरवून तिने मोजपट्टीला खूण केली. काटा अर्ध्या व्होल्टवर शांत उभा होता. पॅडल दाबलं तसा तो न अडखळता वर चढला.

"बसा साहेब," आत्या म्हणाली. "आता मी चालवते."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, हलक्या रेसवर, पाण्यावरून जावी तशी गेली. गेटाबाहेर गेली! कोपऱ्यापर्यंत जाऊन, वळून परत आली. मालक उतरले तेव्हा त्यांचा चष्मा होता तिथेच होता.

"एकसुद्धा नाही!" शेपूट बोंबलला. "काका, वस्तरा आणू का?"

मिस्त्रींनी दोन्ही सेन्सर तळहातांवर घेतले. कोपऱ्यांतला तेलाचा थर नखाने खरवडला. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "फोन," ते पुटपुटले. "त्या दिवशी जुना काढला, पुसला आणि सवयीने लगेच नव्याच्या खोक्यात टाकला. नवा कापडावर ठेवला होता. तेवढ्यात फोन आला. बोलून परत आलो आणि खोक्यातला तो नवा समजून… अरे देवा! जुनाच परत बसवला, आणि कापडावरचा नवा खोक्यात भरून दिला की!"

"आणि कागदावर दोष आत्याचा!" ठिणगी म्हणाली.

"चुकलं माझं. बाई, मला माफ करा." मिस्त्रींनी खरोखरच हात जोडले. मग मोजपट्टीकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझा मीटर माझ्या तीस वर्षांच्या नजरेपेक्षा भारी निघाला."

मालकांनी घसा खाकरला. "वा वा! मुलं फारच हुशार निघाली! शाब्बास! चला, तुम्हा तिघांना आइस्क्रीम…"

"आइस्क्रीम नको," ठिणगी म्हणाली.

"अगं ताई!" शेपूट कळवळला.

"काल तुम्ही माणसांसमोर आत्याला बोललात. आत्ताही माणसं आहेत. आधी तिचं काय ते बोला."

मालक लाल झाले. मुलांनी मोठ्यांच्यात तोंड घालू नये, हे त्यांच्या ओठांवर आलंही असेल. पण सगळे त्यांच्याकडेच पाहत होते, आणि आत्याने ह्या वेळी ठिणगीचा दंड धरला नाही.

"बाई," अखेर ते म्हणाले, "मी ऐकून घ्यायला हवं होतं. न बघता तुम्हाला दोष दिला. माफी मागतो." त्यांनी किल्ली पुढे केली. "गाडी तुमचीच."

"एवढ्याने भागणार नाही, साहेब," आत्या म्हणाली. ठिणगीने चमकून पाहिलं. हा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. "माझ्या तिघांची पुन्हा परीक्षा व्हायला हवी. त्यांचं शुल्क शाळा भरेल. आणि परीक्षा ह्याच गाडीत होईल."

"होईल," मालक निमूटपणे म्हणाले. "भरेल."

"मग आता आइस्क्रीम चालेल," शेपटाने जाहीर केलं, आणि मिस्त्रींसकट सगळे खो खो हसले.

पण आत्या हसण्यात नव्हती. तिने तिथेच, गाडीला टेकून, फोन लावला. नापास झालेल्या तिघांतली पहिली होती एक शिवणकाम करणारी बाई. परीक्षेनंतर ती रडत घरी गेली होती आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणाली होती.

"ताई, सोमवारी सकाळी तयार राहा," आत्या म्हणाली. "तुमचं काही चुकत नव्हतं. गाडी बिघडलेली होती. तुमचा पाय बरोबर होता, सुरुवातीपासून बरोबर होता."

पलीकडे शिलाई मशीन वाजत होतं. मग ते थांबलं.

"म्हणजे," ती बाई एवढ्या मोठ्याने ओरडली, की वर्कशॉपमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं, "मला गाडी येते!"