पाचवी लेन

सकाळी तुळशीला पाणी, महादेवाला बेल, मग डबा. साडेनऊला वैशाली नगरातून माझी स्कूटी निघते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं टेक्निशियन आहे. माझी लेक ईरा तिथेच पीएचडी करत होती.

आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या रिळांवर खुणा उमटवणारं एक एन्झाइम असतं. कुठलं जनुक बोलेल, कुठलं गप्प राहील, ते त्या खुणांवर ठरतं. ते एन्झाइम ओळखणारी अँटिबॉडी ईराने दोन वर्षं खपून तयार केली. ती त्यालाच चिकटते, आणि फिल्मवर काळी रेघ उठते.

जानेवारीत उतई गावाहून येताना ईराला ट्रकने उडवलं.

दहा दिवस आम्ही दिव्यापाशी टोपल्याखाली कणीक पसरली. सकाळी सगळे वाकून बघायचे. गेलेल्या माणसाची काहीतरी खूण उमटते म्हणतात. माझ्या लेकीची उमटली नाही. मग वर्षश्राद्धापर्यंत रोज ताजी कणीक पसरायचं व्रत मी धरलं. जुन्या कणकेची पोळी गाईला.

"त्या पिठाले काय विचारतं?" आमचे हे म्हणायचे. "गायच तेवढी मोटी होऊन राहिली." आणि तोंड फिरवून डोळे पुसायचे.

दिवाळीनंतर ईराचा पेपर परत आला. परीक्षकांनी एकच प्रयोग मागितला होता. ज्या पेशींतून ते एन्झाइम काढून टाकलंय, तिथे रेघ दिसायला नको. जेलच्या पहिल्या चार खाचांत, म्हणजे लेनमध्ये, साध्या पेशींचा अर्क होता; एन्झाइम काढलेल्या पेशींचा पाचव्या लेनमध्ये मी स्वतः भरला.

रेघ आली. फिकट.

मी ट्रे बदलला, द्रावणं नवी केली. रेघ गडद झाली.

तिसऱ्यांदा पाचव्या लेनमध्ये नुसतं पाणी भरलं.

ईराच्या गाइड साधना मॅडमनी फिल्म दिव्यासमोर धरली. रेघेच्या वर पाच बारीक ठिपके होते. शेवटचा जरा बाहेर सरकलेला.

"कलाताई, पाण्यात कावून येऊन राहिलं हे?"

मी त्या शेवटच्या ठिपक्यावर बोट टेकवलं. ईराच्या पायाची करंगळी जन्मापासून अशीच बाहेर वळलेली. चप्पल घेताना दुकानदार वैतागायचा.

"ही अँटिबॉडी कशालाही चिकटते," मॅडम हळूच म्हणाल्या. "उद्या एकदा करू. पुन्हा आलं तर पेपर मागे घ्यावा लागंन. ईराचं सगळंच काम खोटं ठरंन, ताई."

अकरा महिने मी कणकेत वाट पाहिली, आणि पोरगी इथे येत होती. तिच्या आईच्या हाताखाली.

दुसऱ्या दिवशी मी पाचव्या लेनमध्ये पुन्हा एन्झाइम काढलेल्या पेशी भरल्या. खोलीत मी एकटीच होते. ट्रेवर हात ठेवला.

"ईरा, येऊ नको बाई. तुझं नाव राहू दे."

फिल्म धुतली.

चार रेघा. पाचवी लेन कोरी.

मॅडम मला बिलगून रडल्या. मला रडू आलं नाही.

घरी आले तेव्हा दिवा तेवत होता. हे बाजूलाच आजचा पेपर वाचत होते.

"कोणी आलं होतं का?"

"नाही वं. मी सकाळपासून इथंच तर बसून आहो."

मी दिव्याच्या पलीकडे, दाराकडे तोंड करून बसले आणि टोपलं उचललं.

कणकेत एकच पाऊल होतं. करंगळी बाहेर वळलेली.

टाच माझ्याकडे होती. बोटं दाराकडे.