काट्याकडचा कायमचा रस्ता

"ओ, रांगेत या! चिठ्ठी कुठं हाय?" रोहिणीनं खिडकीतूनच दटावलं.

समोरच्या तरुणाच्या केसांत उसाचं पाचट अडकलं होतं. तो हसला. "ऊस न्हाय आणला, मॅडम. काँप्युटरचं बघायला आलोय, बारामतीहून. नागेश."

रोहिणी कानापर्यंत लाल झाली.

सत्त्याण्णवचा हंगाम होता. निरवांगीची रोहिणी साखर कारखान्याच्या काँप्युटर विभागात नुकतीच लागली होती. त्या सकाळी वीज गेली, आली, आणि ऑफिसातल्या युनिक्स मशीनला वजनकाट्याचं मशीन सापडेना. बाहेर उसाच्या गाड्या खोळंबलेल्या.

नागेशनं एक ओळ टाइप केली... पडद्यावर भराभर वजनं उमटली!

"काय केलंत?"

"काट्याकडं जायचा रस्ता सांगितला. वीज गेली की मशीन विसरतं. लिहून घ्या, तुमालाही जमंल."

तिनं लिहून घेतलं. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं—दोघंही पटकन सरकले.

महिन्याभरात वीज आणखी तीनदा गेली. तिन्ही वेळा रोहिणीचा बारामतीला फोन, तिन्ही वेळा फाटकाशी नागेशची मोटारसायकल. तिसऱ्या खेपेला तो आधी काट्यावर डोकावला.

"बंद? छे!" काट्यावरचे दत्तोबा म्हणाले. "बाई लगेच चालू करत्यात. दर बारीला."

नागेश आत आला. "रस्ता तर चालू हाय..."

"व्हय... हाय." रोहिणीनं नजर चुकवली. "चहा घेणार?"

"आज तो कायमचा लिहून टाकू. सोमवारपासनं माझी बदली हाय. सोलापूरला."

रोहिणी चहाचं विसरून मशीनसमोर बसली. "सांगा."

मशीन सुरू होताना जी फाईल वाचतं, तिच्यात तीच ओळ लिहायची होती. तो एकेक आकडा सांगत गेला, ती लिहीत गेली. शेवटच्या आकड्याशी बोटं थबकली... मग तिनं तो दाबलाच.

दुपारची रांग ओसरल्यावर तिनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दोघंही श्वास रोखून बघत होते. बाहेर एक गाडी काट्यावर चढली—आणि कुणी काहीच न सांगता वजन पडद्यावर आलं!

"आलं!" रोहिणी उडालीच. मग हळूच म्हणाली, "ती ओळ मला पहिल्या दिवसापासनं पाठ हाय. फोन मशीनसाठी न्हवते."

"आणि मी ही ओळ पहिल्याच दिवशी फाईलीत लिहू शकलो असतो," नागेश म्हणाला.

ती खुदकन हसली.

"रविवारी आईला घेऊन येऊ? कोऱ्हाळ्याहून... तुमच्या घरी?"

"आबांना सांगते." रोहिणी म्हणाली. "पण दहाच्या आत या. मग ते रानात जातात... आणि मला संध्याकाळपर्यंत दम निघणार न्हाय!"