धाकट्याची हद्द

तो दिवा घालवा आधी, डोळ्यांवर येतो. आणि मोबाइल पालथे ठेवा. मध्येच कुणाचा वाजला आणि पाचावर धारण बसली, तर मला बोल लावायचा नाही.

ही गोष्ट ऐकीव आहे, पण ज्याच्या बाबतीत घडली त्याच्याच तोंडून ऐकलेली. माझा मित्र. आवाज रेकॉर्ड करायचा त्याचा धंदा, सगळे त्याला साउंडवालाच म्हणतात. थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायला जमलं असतं तर आज त्याचं दुकान कुठल्या कुठं गेलं असतं.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. रात्रीचं जेवण उरकून तो स्टुडिओत जायला निघाला. काम साधं होतं. एक फोल्डर पुसायचं, त्या जागी दुसरं टाकायचं आणि सकाळच्या आत कंपनीला पाठवून द्यायचं. अमावास्या नव्हती हं, उगाच मनानं काही भरू नका. चांगलं टिपूर चांदणं होतं आणि शेजारचे रिटायर्ड मास्तर मफलर गुंडाळून शतपावली करत होते.

काम कसलं ते सांगतो. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ असतो ना, अगदी खऱ्यासारखा? त्यात वैमानिकाशी टॉवरवरचा माणूस बोलतो. किती उंचीवर जा, कुठं वळ, कुठं थांब. तर कंपनीनं ठरवलं, सगळ्या टॉवरवर एकच आवाज नको. माणूस इतकं अंतर उडून गेला तर खालची बोली बदलली पाहिजे. खाडीच्या टॉवरवर खाडीकडचा, शहरात शहरी, डोंगरात डोंगराकडचा. साउंडवाल्यानं निक्षून सांगितलं की नट नकोत. नट बोली बोलत नाही, करून दाखवतो. मग त्यानं शहरासाठी एक नर्स धरली आणि खाडीसाठी होडीवाला. होडीवाल्याला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. शेवटी त्याला दाराबाहेर उभं करून रेकॉर्ड केला.

डोंगरासाठी आला त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकटा डोंगरावर रोपवे चालवायचा. तिथं राहून राहून त्याची बोली पार तिकडची झाली होती. वाक्य संपलं तरी शेवटचं अक्षर त्याला सोडवायचं नाही. हळूच वर ओढून धरायचा. ‘थांबाऽ.’ ‘वळाऽ.’ दोन रविवार येऊन त्यानं सगळी पानं वाचली, एक राहिलं. त्या पानावर हद्द ओलांडतानाची वाक्यं होती. वैमानिकाला सांगायचं, ‘इथून पुढं माझी हद्द नाही, पुढच्या टॉवरशी बोला.’ आणि पुढच्या टॉवरला सांगायचं, ‘एक तुमच्याकडे सोपवतोय, पोचला की कळवा.’ असं एकानं दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय विमान पुढं जातच नाही, खऱ्यातही आणि खेळातही.

“एवढं पुढच्या रविवारी उरकू, दादा,” म्हणून धाकटा गेला. बुधवारी रोपवेच्या केबिनमध्ये छातीत कळ आली. वर येणारी ट्रॉली नीट थांबवली आणि मग मान टाकली.

साउंडवाला रडला नाही. सगळं केलं, सगळ्यांना सांभाळलं. लोक म्हणाले, काय खंबीर माणूस! कसला खंबीर? भाजीत मीठ नाही हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागायचं. पायाला खिळा लागला तर रक्त बघून कळायचं. आत काही उरलंच नव्हतं हो.

त्या राहिलेल्या वाक्यांच्या जागी त्यानं काय घातलं, ठाऊक आहे? शांतता. रेकॉर्डिंगवाल्यांची रीत असते. माणूस माइकपुढं नुसता बसवायचा, बोलायचं नाही, आणि ती गप्प खोली थोडा वेळ टेपवर घ्यायची. शब्दांच्या मधे भरायला लागते. धाकट्याची तशी शांतता होती, तीच त्यानं रिकाम्या जागी भरली. झालं काय, की डोंगरावरून जाणारं विमान हद्दीशी आलं की कुणी त्याला पुढं सोपवायचंच नाही. नुसती शांतता. मग धाकटा म्हणायचा, ‘फिरत राहाऽ. वाट बघाऽ.’ विमान आपलं गोल गोल.

कंपनीच्या हे ध्यानात आलं. त्यांनी सांगितलं, सोमवारी सकाळी डोंगराचा आवाज पूर्ण हवा. डोंगराकडचाच एक पोस्टमन बोलावून साउंडवाल्यानं सगळी पानं नव्यानं वाचून घेतली होती. आता फक्त धाकट्याला पुसायचं.

कंपनीला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. दोन महिने हा गृहस्थ रोज रात्री स्टुडिओत जाऊन त्याच डोंगरावर विमान नेत होता आणि उजाडेपर्यंत फिरत होता. बाहेर पडता येत नाही, हेच त्याला बरं वाटायचं. वहिनी, म्हणजे त्याची बायको, बिचारी एकदा म्हणाली, “कामाला माझी हरकत नाही. पण तुम्ही घरी येता तेव्हासुद्धा आलेले नसता.” तिला धास्ती, एके रात्री हा माणूस परतायचाच नाही. आईला त्यानं यातलं काही कळू दिलं नव्हतं. त्या आवाजातलं एक अक्षरही ऐकवलं नव्हतं. म्हातारीला सोसायचं नाही म्हणून.

तर त्या रात्री तो बसला. पोस्टमनचं फोल्डर तयार. धाकट्याच्या फोल्डरवर बोट ठेवलं... आणि म्हणाला, एकदा शेवटचं.

स्टुडिओचं दार जाड. लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. त्यानं हेडफोन चढवले. पडद्यावर काळा डोंगर. खाडीच्या टोकाशी होडीवाल्यानं ओरडून निरोप दिला आणि धाकटा आला.

‘टॉवर ऐकतोयऽ. बोलाऽ.’

याच्या आत काही हललं नाही. एक फेरी झाली. दुसरी झाली. हद्दीशी गेलं की शांतता. ती त्याला पाठ होती. आधी खुर्ची कुरकुरायची, मग धाकटा नाकानं श्वास सोडायचा, की संपली.

बाराला पाच कमी होते. विमान पुन्हा हद्दीशी आलं. खुर्ची कुरकुरली. श्वास सुटला.

शांतता संपली नाही.

मग... श्वास घेतला गेला. अगदी जवळ.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. विमान हवेत उभं. पंखावरचा दिवा लुकलुकायचा तोही थांबलेला. त्याला वाटलं, अडकलं. बटणं दाबली. काही नाही. खेळ बंद केला. पडदा काळा झाला.

शांतता चालूच.

कॉम्प्युटरची वायर उपटली. आतला पंखा घरघरत मंदावला. थांबला.

हेडफोनमध्ये श्वास.

मी त्याला विचारलं, “अरे, भीती नाही वाटली?” म्हणाला, “नाही. वाटायला हवी, एवढं कळत होतं.”

मग पुन्हा खुर्ची कुरकुरली. या वेळी हेडफोनमध्ये नाही. काचेपलीकडे. बोलणारा बसतो ती खुर्ची.

रिकामी होती... जराशी वळली.

‘दादाऽ.’

असं वाक्य रेकॉर्डच केलेलं नव्हतं. कुठल्या पानावर ‘दादा’ असणार?

‘किती फिरशीलऽ.’

याचं तोंड उघडलं. कसाबसा म्हणाला,

“मी राहतो की रे इथंच.”

काही नाही.

काही नाही...

‘नाहीऽ.’

आणि मग, टॉवरवरचा माणूस सांगतो तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून... ‘इथून पुढं माझी हद्द नाहीऽ. पुढच्या टॉवरशी बोलऽ.’

‘बोला’ नाही म्हणाला. ‘बोल’ म्हणाला.

त्यानंतर श्वास नव्हता. खोलीही गप्प. पण ती नुसती रिकाम्या खोलीची शांतता होती. वीस वर्षं शांतता रेकॉर्ड करणाऱ्या माणसाला तेवढं कळतं.

तो उठला. हेडफोन गळ्यातच. दाराला कुलूप लावायचं भान नाही, चप्पल घालायचंही नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पुढचा टॉवर कुठला हे त्याला माहीत नव्हतं. पाय नेतील तिकडे चालला, आणि पाय घरी गेले.

घराचं दार सताड उघडं. उंबऱ्यात आई उभी. एरवी नऊला झोपणारी बाई. मागं वहिनी, तोंडाला पदर लावून.

“आई, इतक्या रात्री?”

आईनं आधी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अनवाणी पाय पाहिले. मग म्हणाली,

“धाकट्यानं सांगितलं ना. दादाला तुझ्याकडे सोपवतोय, पोचला की कळव.”

वहिनी हळूच म्हणाली, “मघाच उठून दार उघडलं त्यांनी. किती विनवलं, आत यायलाच तयार नाहीत.”

“आई... कुणी सांगितलं? फोन आला?”

आईनं त्याच्या गळ्यातले हेडफोन काढले, दंडाला धरून त्याला आत घेतलं, जसं लहानपणी खेळून उशिरा आला की घ्यायची. मग पुन्हा उंबऱ्यापाशी गेली. बाहेर रिकामा रस्ता, चांदणं. त्या रस्त्याकडे तोंड करून म्हणाली,

“पोचला रेऽ.”

साउंडवाला खाली बसला. रडू काही आलं नाही त्याला. झोप आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, तिथंच, आईच्या पायाशी फरशीवर झोपला. सकाळी उठून स्टुडिओत गेला, धाकट्याचं फोल्डर काढलं आणि पोस्टमनचं घातलं. कंपनीला पाठवूनही दिलं. संध्याकाळी जेवताना मात्र वहिनीला म्हणाला, “आमटी खारट झालीय.” ती बिचारी तिथंच हमसून हमसून रडली.

आता डोळे वटारून बघू नका माझ्याकडे. आईच्या कानावर काय आलं, कसं आलं, मला ठाऊक नाही. तीही सांगत नाही. ती बाई जन्मभर शहरात राहिली, डोंगर तिनं पाहिला नाही. शब्द कसा कापून बोलायची, आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्या रात्रीपासून तिला शेवटचं अक्षर सोडवत नाही. डॉक्टरला दाखवलं. म्हणाले, घशात काही नाही, जिभेत काही नाही.

खोटं वाटत असेल तर उद्या जाऊन या. दारात गेलात की ‘बसा’ म्हणेल. ते नीट ऐका. आणि परत आल्यावर मला येऊन सांगू नका.