चार्वीवरचं राज्य

देवरुखच्या त्या बालवाडीत दप्तरं खुंटीला लागली की मुलं चपला काढून थेट खेळपटावर धावत. खेळपट म्हणजे वर्गभर अंथरलेली जाड, मऊ चटई. पावलांचा दाब आणि चालण्याची लय ओळखून ती प्रत्येक मुलापुढे एक दिवा पळवायची. दिवा पकडायचा, एवढाच खेळ. पकडला की त्यातून आकडा नाहीतर अक्षर उमटायचं. ज्याचे पाय चपळ त्याचा दिवा चपळ, ज्याचे मंद त्याचा मंद. कुणी हरत नसे, कुणी रडत नसे. पालकांनी खेळपट डोक्यावर घेतला होता, आणि का घेऊ नये? एवढीएवढीशी पोरं शंभरापर्यंत बिनचूक मोजत होती.

कांबळीबाईंना तर त्याचं फार कौतुक. त्यांची उभी हयात मुलांना खेळवण्यात गेली होती. खेळता खेळता शिकलेलं मूल विसरत नाही, हे त्या येईल त्याला ऐकवत. काही वर्षांपूर्वी खेळपट बनवणारा मिहान नावाचा इंजिनिअर त्यांच्याकडूनच सगळे खेळ टिपून घेऊन गेला होता. एखादं मूल अगदीच मागे पडलं तर बाकीचे काय करतात, हेही त्याने विचारलं होतं. बाई हसल्या होत्या. अहो, त्याला लिंबूटिंबू करतात, पण तो काही नियम नाही, ते मुलांचं मुलं बघून घेतात, ते कशाला लिहिताय! मिहानने ते लिहिलं नाही.

चार्वीवर बाईंचा विशेष जीव. पाच वर्षांची पोर, डावा पाय जन्मापासून अधू. खेळपटावर ती खदखदून हसायची, कारण तिचा दिवा तिला रोज सापडायचा. तिला तसं हसताना बघून बाईंना भरून यायचं.

त्या सोमवारी वीज गेली आणि खेळपट काळा पडला. मुलं कावरीबावरी झाली. बाईंना उलट आनंदच झाला. चला अंगणात, म्हणाल्या, आज पकडापकडी खेळू. ज्याला पकडलं त्याच्यावर राज्य.

पहिल्याच फेरीत चार्वी पकडली गेली. तिच्यावर राज्य आलं ते जाईचना. ती पाय ओढत एकेकाच्या मागे जायची आणि मुलं सहज निसटायची. दुष्ट नव्हती हो ती, कुणी चिडवतही नव्हतं. पण आपण जरा हळू पळायचं असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. चार्वी पडली, उठली, पुन्हा पडली. मग मुलं कंटाळली आणि पलीकडे जाऊन खेळायला लागली.

बाई पुढे झाल्या. "अरे, तिला लिंबूटिंबू घ्या की!"

कुणालाच काही कळलं नाही. तेव्हा बाईंनी समजावलं, की लिंबूटिंबू सगळ्यांबरोबर खेळतो पण त्याच्यावर राज्य येत नाही, आणि त्याने हात पुढे केला की आपण हळूच त्याच्या हाती लागायचं.

अद्वय वर्गातला हुशार मुलगा. त्याने अगदी मनापासून विचारलं, "पण बाई, तिला तिचा दिवा आहे ना? मग आम्ही कशाला?"

हे बाईंना आजवर कुणाला शिकवावंच लागलं नव्हतं. मोठ्यांनी लहानांना लिंबूटिंबू केलं, ती लहान मुलं मोठी झाली, त्यांनी पुढच्यांना केलं. मध्ये खंड कधी पडला हे समोर बसूनही आपल्याला दिसलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. शेवटी पदर खोचून त्या स्वतःच खेळात उतरल्या आणि चार्वीच्या हाती लागल्या. चार्वी हसली नाही.

तेवढ्यात वीज आली. मुलं ओरडत आत पळाली. चार्वी मात्र बाईंचा हात धरून अंगणातच उभी राहिली. तिच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"बाई, माझा दिवा मुद्दाम सापडतो ना?"

खोटं बोलायला बाईंची जीभ रेटेना. "हो गं," त्या म्हणाल्या.

चार्वीने दारातून आत पाहिलं. प्रत्येक जण आपापल्या दिव्यामागे धावत होता.

"मग त्याला येतं, तर यांना का नाही येत?"