थीव्हथॉर्न म्हणजे काय?

"चोराचं झाड! फलकावर चक्क असं लिहिलंय!" हेस्टर धापा टाकत स्वयंपाकघरात शिरली. पाठोपाठ तिचा धाकटा भाऊ गाइल्स आणि शेजारची नेल.

शनिवारच्या जत्रेसाठी ऑल्डकोम गावाच्या इतिहासाचे फलक तयार होत होते. त्यातला एक थीव्हथॉर्न या आडनावाचा. निवृत्त शिक्षक पार्जिटर सरांनी लिहिलं होतं : 'थीफ म्हणजे चोर, थॉर्न म्हणजे काटेरी झाड. टेकडीवरच्या ज्या झाडावर चोरांना फाशी देत, त्यावरून हे नाव. मूळ पुरुष बहुधा चोरच!'

सगळ्या इंग्लंडमध्ये हे आडनाव आता एकाच घरात उरलं होतं. हेस्टरच्या!

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी जत्रेला येत नाही," एवढंच ते म्हणाले.

"सरांनी हे शोधलं कुठून?" बाहेर आल्यावर नेलनं विचारलं.

"शोधलंय कसलं? आवाज जुळला, दिलं ठोकून!" गाइल्स फणकारला.

"पण खरंच चोर असला तर?" हेस्टर हळूच म्हणाली.



"असला तर असला," नेल म्हणाली. "पण नीट कळू दे की!"

चर्चमध्ये गावच्या शेतांचा जुना नकाशा होता. पाद्रीबाबांनी तो टेबलावर पसरून दिला. तासभर तिघं त्यावर ओणवी!

"सापडलं! थीव्हथॉर्नचं शेत!" गाइल्स ओरडला. "पण हे तर ओढ्याकाठी आहे!"

फाशीची टेकडी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

सायकली ओढ्याकडे सुटल्या. साकव मोडलेला. बूट गळ्यात अडकवून तिघं गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली. शेतभर ब्लॅकबेरीची जाळी माजली होती.

"आई गं! हे काटे आहेत की सुया?" नेल किंचाळली.

हेस्टर थबकली. "काटे... नेल, नाव या काट्यांवरूनच पडलं असेल तर? 'थीव्ह' हा वेगळाच, जुना शब्द असेल तर?"

शहरातल्या वाचनालयात जुन्या इंग्रजीचा जाडजूड कोश होता. त्यात तो शब्द सापडला. थीव्हथॉर्न : ब्लॅकबेरीसारखं काटेरी झुडूप. चोराशी काडीचाही संबंध नाही!

शुक्रवारी सर फलक टांगत होते.

"सर, फाशीचं झाड कुठं होतं?" हेस्टरनं विचारलं.

"टेकडीवर."

"आणि थीव्हथॉर्नचं शेत?"

"तिथंच! दुसरं कुठं असणार?"

"नक्की?"

"अगदी नक्की!"

हेस्टरनं नकाशाची नक्कल उलगडली. नेलनं कोशातला उतारा पुढं केला. सरांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"चाळीस वर्षं मुलांना 'नीट शोधा' म्हणून सांगितलं, आणि स्वतः शोधलंच नाही. शाब्बास, पोरांनो! चुकलो मी."

फलक उतरवून ते तडक आजोबांकडे गेले आणि त्यांनी माफी मागितली.

"आता येणार ना जत्रेला?" सर गेल्यावर गाइल्सनं विचारलं.

"येणार तर!" आजोबा म्हणाले. "खरं सांगू? चोराची लाज नव्हती वाटत मला. कुठल्या काळचा तो माणूस! त्याला कुणीही चोर म्हणावं आणि त्याच्या बाजूनं बोलायला कुणी नसावं, याचं वाईट वाटलं. आज तीन थीव्हथॉर्न उभे राहिले त्याच्यासाठी."

"मी कुठं थीव्हथॉर्न आहे?" नेल हसली.

"आहेस," आजोबा म्हणाले. "आजपासून आहेस."